रक्त कमी आहे, पण का? : काही साध्या तपासण्यांची ओळख



न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म ज्या गावी झाला, त्या निफाडात व्याख्यानासाठी उभे राहताना मनावर थोडे दडपण येते. मी विद्वान नाही आणि डॉक्टर तर नाहीच. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा कोणता आजार कोणत्या औषधाने बरा होतो हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तसा माझा हेतूही नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे की, 'अंगात रक्त कमी आहे' हे आजाराचे नाव नव्हे. तो एक प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा थोडक्या खर्चाच्या, साध्या तपासण्यांतून मिळू शकते. ते मागण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे.

हा विषय मी का निवडला, असे कोणी विचारील. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर बसून माल निवडणाऱ्या बायका, द्राक्षबागेत विरळणीला आणि खुड्याला जाणाऱ्या बायका, बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारे हमाल यांच्यात माझा दिवस जातो. त्यांच्या तोंडून 'दम लागतो', 'डोळ्यांपुढे अंधारी येते', 'पायांत गोळे येतात' या तक्रारी रोज कानी पडतात. मुकादम म्हणतो, कामचोरपणा आहे. सासू म्हणते, सोंग आहे. दवाखान्यात गेले तर 'रक्त कमी आहे' एवढे सांगून टॉनिकची बाटली हाती पडते, किंवा सलाईन लावून दिवसाची मजुरी घेतली जाते. सलाईन म्हणजे मीठपाणी. त्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढत नाहीत, हे आपल्यापैकी किती जणांना कोणी सांगितले आहे?

प्रश्न लहान नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभेत शंभर भगिनी बसल्या असतील, तर त्यांतील निम्म्याहून अधिक जणींशी हा विषय प्रत्यक्ष निगडित आहे.

रक्ताचा हजेरीपट

रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या रक्त गोठवून जखम बुजवतात. या तिन्ही पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचा लोहयुक्त पदार्थ असतो. त्यामुळेच रक्ताला लाल रंग येतो आणि प्राणवायूही त्यालाच चिकटून जातो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून मज्जेला रात्रंदिवस नव्या पेशी घडवाव्या लागतात.

आमच्या धंद्यातील दृष्टांत देतो. एखाद्या कारखान्याच्या हजेरीपटावर माणसे कमी दिसू लागली, तर त्याची कारणे किती असू शकतात? कच्चा माल नाही म्हणून भरती थांबली असेल. भरती चालू असेल, पण माणसे तयार होण्याआधीच निकामी होत असतील. तयार माणसे मागच्या दाराने निघून जात असतील. कामावर असतानाच ती अकाली मरत असतील. किंवा मूळ भरतीचे कार्यालयच बंद पडले असेल. हजेरीपटावरचा आकडा पाचही वेळा सारखाच कमी दिसेल. उपाय मात्र पाच वेगळे. रक्ताचे अगदी असेच आहे. लोहाचा अभाव म्हणजे कच्च्या मालाची टंचाई. फोलिक आम्ल किंवा बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव म्हणजे पेशी नीट घडण्याआधीच बिघडणे. जंत, मूळव्याध, अति मासिक स्राव म्हणजे मागच्या दाराची गळती. सिकलसेल किंवा मलेरिया म्हणजे पेशींचा अकाली मृत्यू. आणि मज्जेचा विकार म्हणजे भरतीचे कार्यालयच बंद पडणे.

म्हणून नुसता आकडा पाहून औषध देणे म्हणजे हजेरीपट पाहून कारखान्याचा रोग ओळखल्याचा आव आणणे होय.

परळमधील एक शोध

हे मी पुस्तकी बोलत नाही. या प्रश्नाचा एक महत्त्वाचा उलगडा आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या गिरणगावात झाला आहे, आणि तो कामगार स्त्रियांच्या रक्तातून झाला आहे.

१९२८ हे वर्ष कामगार चळवळीत काम करणारा माणूस विसरत नाही. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप चालला. त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात आर्थिक साहाय्य मिळावे म्हणून आलेल्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी, १९२९ साली, तो कायदा झाला. आणि त्याच १९२८ साली लूसी विल्स नावाची चाळीस वर्षांची इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत बसून गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा तपास करणे, हे तिचे काम होते.

त्या काळी मुंबईतील गरीब स्त्रिया, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही, गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत अतिशय फिकट पडत. रक्त इतके उतरे की कित्येक जणी दगावत. गंमत अशी की, या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोहाच्या अभावाने पेशी लहान होतात, हे माहीत होते. मग या पेशी मोठ्या का? हा जंतूंचा संसर्ग आहे, की आतड्यात तयार होणाऱ्या विषाचा परिणाम, की आहारातील उणीव?

विल्स बाईंनी एकेक शंका घेऊन ती तपासून पाहिली. रक्ताच्या पेशी मोजल्या, त्यांचा आकार पाहिला, विष्ठा तपासून जंतूंचा शोध घेतला. कोणत्या वस्तीतील, कोणत्या घरातील बाई काय खाते, कशी राहते, याची पाहणी केली. १९३० साली या कामाचे निबंध भारतीय वैद्यक संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांवर विल्स यांच्या जोडीला मेहता आणि तळपदे ही नावे आहेत, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. मुंबईतील गरीब स्त्रियांच्या जेवणासारखा आहार प्रयोगशाळेतील उंदरांना दिला, तेव्हा तेही रक्तक्षयाने आजारी पडले. त्याच आहारात खमीर, म्हणजे यीस्ट, मिसळले तेव्हा तो रक्तक्षय टळला.

मग ते रोगी स्त्रियांना देऊन पाहिले. बिअर गाळून उरलेल्या खमिराचा 'मार्माइट' नावाचा एक स्वस्त अर्क बाजारात मिळत असे. तो पोटात जाताच फिकट पडलेल्या स्त्रियांचे रक्त भरून येऊ लागले. १९३१ साली विल्स यांनी हा निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. पुढे असेही दिसले की, दुसऱ्या एका प्रकारच्या घातक रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नाही. कच्चा, न गाळलेला अर्क मात्र पडतो. याचा अर्थ, मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाची कारणे एक नसून दोन होती. खमिरातील त्या अज्ञात द्रव्याला लोक 'विल्स घटक' म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवताही येऊ लागले. विल्स घटक तो हाच. आज गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर फोलिक आम्लाची जी गोळी मिळते, तिच्यामागे परळच्या त्या मायबहिणींचे रक्त आहे. 

या साऱ्या शोधाला कोणती महागडी यंत्रे लागली? सूक्ष्मदर्शक, काचपट्टी, थोडा रंग, मोजणीची नळी आणि चिकाटी. 'का?' हा प्रश्न न सोडण्याचा हट्ट हेच खरे साधन होते.

तपासण्यांची पायरी

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू.

पहिली पायरी हिमोग्लोबिनची. पूर्वी साहलीच्या नळीत रक्ताचा थेंब आम्लात घालून तपकिरी रंग जुळवून पाहत. आता ते काम यंत्र करते. ज्यांनी रक्तदान केले आहे त्यांनी निळ्या मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकताना पाहिले असेल. थेंब झटकन तळाशी गेला तर रक्त दान करण्याइतके सकस आहे, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये निदान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, असे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत ११ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेले की रक्तक्षय मानतात. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत ही मर्यादा १०.५ आहे. ही पायरी फक्त 'कमी आहे' एवढेच सांगते. दुर्दैवाने बहुतेकांचा तपास इथेच संपतो.

दुसरी पायरी संपूर्ण रक्तगणनेची. तिला आपण 'सी. बी. सी.' म्हणतो. ही तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि खाजगी प्रयोगशाळेतही साधारण एका दिवसाच्या मजुरीत होते. तिच्या कागदावर पंधरावीस आकडे असतात आणि आपण फक्त पहिला वाचतो. त्यांत 'एम. सी. व्ही.' असे लिहिलेला एक आकडा असतो. तो तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगतो. ८० ते १०० हे नेहमीचे माप. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत. लोहाच्या अभावाची शंका प्रथम घ्यावी. १०० च्या वर असेल तर पेशी मोठ्या आहेत. फोलिक आम्ल किंवा बी-१२ यांच्या अभावाची शंका घ्यावी. विल्स बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून जे पाहिले, ते आज यंत्र आपोआप छापून देते, आणि आपण तो कागद घडी करून गाठोड्यात ठेवतो!

तिसरी पायरी रक्तलेपाची. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून, रंगवून, माणसाने डोळ्यांनी पाहायचा. कोयत्याच्या आकाराच्या पेशी, मलेरियाचे जंतू, फिकट लहान पेशी, मोठ्या लंबगोल पेशी हे सारे येथे दिसते. कधी कधी नळीतील औषधामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजते. माणूस उगाच घाबरतो. रक्तलेप पाहिला की खरे काय ते कळते.

चौथी पायरी कोवळ्या पेशींची. मज्जेतून नुकत्याच बाहेर आलेल्या तांबड्या पेशींना 'रेटिक्युलोसाइट' म्हणतात. हजेरीपटावरील नवे नोकर म्हणजे त्या. रक्त कमी असून नवे नोकर पुष्कळ असतील, तर कारखाना जोरात चालू आहे. गळती किंवा अकाली मृत्यू शोधा. नवे नोकर कमी असतील, तर कच्चा माल किंवा कारखानाच तपासा. योग्य औषध लागू पडले की सुमारे आठवड्याभरात या कोवळ्या पेशी वाढलेल्या दिसतात. म्हणजे औषध बरोबर आहे की नाही, याचा कौलही हीच तपासणी देते.

पुढची पायरी संशयाप्रमाणे बदलते. लोहाची शंका असेल तर शरीरातील लोहाचा साठा सांगणारी 'फेरिटिन' तपासणी. मात्र अंगात ताप किंवा सूज असेल तर हा आकडा फसवा, वाढलेला येतो. मोठ्या पेशी असतील तर बी-१२ आणि फोलेटची तपासणी. अनवाणी पायांनी शेतात काम करणाऱ्याची विष्ठा अंकुशकृमीच्या अंड्यांसाठी पाहावी. मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारा हा कृमी आतड्याला चिकटून रोज रक्त पितो. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. पुरुषाला, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाच्या अभावाचा रक्तक्षय झाला, तर नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नये. रक्त पोटातून कुठे जाते आहे का, याचा शोध झालाच पाहिजे. त्यामागे जठराचा व्रण किंवा आतड्याचा कर्करोगही दडलेला असू शकतो.

कारण चुकले तर

कारण न शोधता दिलेले औषध नेहमी निरुपद्रवी असते, असे समजू नका. बी-१२ चा अभाव असताना नुसते फोलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, चाल बिघडते. बी-१२ हे दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. आपल्याकडे शाकाहार पुष्कळ, आणि दूध डेअरीला घालून घरी काळा चहा पिणारी घरेही पुष्कळ. म्हणून हा अभाव दुर्मिळ नाही.

२०१६ ते १८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली. तीत रक्तक्षय असलेल्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत लोहाचा अभाव हे कारण होते, आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांत फोलेट किंवा बी-१२ चा अभाव. काहींत दोन्ही होते, तर बाकीच्यांत कारण वेगळेच होते. तेव्हा 'रक्त कमी म्हणजे लोह कमी' हे समीकरण सर्वांना लागू पडत नाही, हे उघड आहे.

थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाच्या पेशी लहान असतात, पण संख्येने पुष्कळ असतात. शरीरात लोह पुरेसे असेल तर त्याला लोहाच्या गोळ्यांचा काहीही उपयोग नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर मात्र मुलाला गंभीर आजार होण्याचा धोका असतो. सिकलसेलचेही असेच. सुरगाणा, पेठ या भागांतून आपल्या द्राक्षबागांत कामाला येणारे आदिवासी बांधव आपण दर हंगामात पाहतो. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकून ते गढूळ होते का, एवढे पाहणारी साधी चाचणी त्याची पहिली शंका देते. नक्की निदान पुढच्या तपासणीने होते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. हंगामासाठी गाव सोडून आलेल्या मजुराचे रक्त कोणत्या गावी तपासायचे, हे मात्र आपण पाहिले पाहिजे.

आमच्या संघटनेतील एका बाईची हकिगत सांगतो. ती तीन वर्षे लोहाच्या गोळ्या खात होती. आकडा सातच्या वर जाईना. 'गोळ्या खात नाहीस', असे म्हणून दवाखान्यात तिलाच रागावत. शेवटी तिची रक्तगणना एका तरुण डॉक्टरांनी नीट वाचली. एम. सी. व्ही. ११२! पुढे बी-१२ चा अभाव निघाला. सुया सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत ती खळ्यावर परतली. तीन वर्षांचा तिचा खाडा, तिची बोलणी खाणे, हे कोणत्या वहीत मांडायचे? तो आकडा तिच्या पहिल्याच कागदावर छापलेला होता.

एक इशारा द्यायला हवा. तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट या तिन्ही पेशी एकदम कमी झाल्या असतील, ताप येत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर निळे डाग उठत असतील, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्वरित मोठ्या रुग्णालयात जा. तेथे मज्जेची तपासणी करतात. अशा वेळी रोग्याने आपला धंदाही डॉक्टरांना सांगावा. बेंझीन नावाच्या द्रावकाची वाफ मज्जा जाळते, शिशाची धूळ तांबड्या पेशी घडू देत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणारा कामगार आपला धंदा सांगेल, तरच डॉक्टरांना ते सुचेल.

आपण काय करावे

प्रथम, आपला रक्ताचा कागद फेकू नका. तारखेनुसार जपून ठेवा, जसे आपण पगाराची पावती जपतो. दुसरे, डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा : "रक्त कमी आहे ते समजले, पण कशामुळे?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तिसरे, लोहाचाच अभाव ठरला तर गोळ्या अर्धवट सोडू नका. आकडा पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा घेतला तर अधिक लागते. चौथे, गळती बंद केल्याशिवाय हौद भरत नाही. अति मासिक स्रावाबद्दल बोलायला बायका लाजतात. त्यांना बोलते करणे हे घरातल्या माणसांचे काम आहे.

पाचवी गोष्ट आम्हा संघटनावाल्यांसाठी. बागाईतदार, व्यापारी आणि मुकादम यांच्याशी बोलताना आपण मजुरीचा दर बोलतो, वेळ बोलतो. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक कामगाराची संपूर्ण रक्तगणना आणि त्या दिवसाची भरपगारी सुट्टी, एवढे एक कलम त्यात घालायला काय हरकत आहे? खर्च एका मजुरीचा, फार तर दोन मजुऱ्यांचा. मात्र त्या कागदाचा उपयोग माणसाला कामावरून काढण्यासाठी होता कामा नये; तो कामगाराच्याच हाती राहिला पाहिजे. एवढी अट कलमात लिहून घ्यावी. 

विषय मोठा आहे आणि माझे ज्ञान थोडे. अधिक काही विचारायचे असेल, तर आपल्या गावातील जाणत्या डॉक्टरांना विचारा. मात्र जाताना रक्ताचा कागद बरोबर न्यायला विसरू नका.